जर्मनीतले स्थलांतर आणि तिथे सामावणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीला जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या वाढते आहे, तसे प्रश्नही वाढत आहेत. काही प्रश्न थेट कागदपत्रांचे असतात, तर काही त्यामागच्या समाजशास्त्राचे. दोन्ही इथे एकत्र ठेवले आहेत, कारण आज खिडकीवर जो अर्ज अडतो त्याचे मूळ पुष्कळदा साठ वर्षांपूर्वी घेतलेल्या एखाद्या निर्णयात सापडते.

इंटिग्रेशन म्हणजे नेमके काय? परक्या देशात विरघळून जाणे का?

आपल्याकडे हा विषय निघाला की संजाणच्या पारशांची दुधातल्या साखरेची गोष्ट हमखास निघते. गोष्ट गोड आहे, पण ती शब्दशः घेतली तर चूक होते. साखर विरघळली की दिसेनाशी होते. पारशी दिसेनासे झाले नाहीत. त्यांनी भाषा आणि पेहराव घेतला, व्यापारात आणि शहराच्या कारभारात जागा मिळवली, पण अग्यारी आणि धर्म राखला.

समाजशास्त्रात हाच फरक नीट मांडलेला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ हार्टमुट एसर यांनी सामावण्याच्या चार बाजू सांगितल्या. भाषा आणि रीतिभाती कळणे ही एक. नोकरी, शिक्षण आणि हक्क यांतून समाजात जागा मिळणे ही दुसरी. स्थानिकांशी मैत्री, लग्न, शेजार ही तिसरी आणि ‘हा माझा देश’ असे वाटणे ही चौथी. यातली दुसरी बाजू आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. हातात राहण्याचा पक्का परवाना आणि शिक्षणाला साजेसे काम असेल तर भाषा पुढे सरकते, ओळखी होतात आणि आपलेपणा मागाहून येतो. राजकारणात मात्र नेमके उलटे मागितले जाते: आधी आपलेपणा दाखवा, मग हक्क देऊ.

‘गास्टआर्बायटर’ कोण होते?

शब्दाचा सरळ अर्थ ‘पाहुणे कामगार’. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतले कारखाने जोरात सुरू झाले आणि माणसे कमी पडू लागली. सरकारने एकेका देशाशी भरतीचे करार केले: १९५५ मध्ये इटली, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, मग मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे मजूर थांबले आणि भरतीला आणखी वेग आला.

१० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनमधल्या डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. पोर्तुगालचा सुतार, आर्मांदो रोद्रिगेश द सा. त्याला फुले आणि झ्युन्डाप कंपनीची मोपेड भेट मिळाली. मोपेडवर बसलेल्या, काहीशा गोंधळलेल्या त्या माणसाचा फोटो जर्मनीत आजही शाळेच्या पुस्तकांत दिसतो. पुढे आजारी पडल्यावर तो मायदेशी परतला आणि १९७९ मध्ये कर्करोगाने वारला. स्वागताचा सोहळा झाला, पण हा माणूस आजारी पडला, म्हातारा झाला तर काय, याचा विचार भरतीच्या योजनेत कुठेच नव्हता.

पाहुणे परत का गेले नाहीत?

बहुतेक गेले. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख आले आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख परतले. ही गोष्ट चर्चेत कायम निसटते. उरलेले का राहिले, हा खरा प्रश्न आहे.

मूळ कल्पना फिरतीची होती: दोन वर्षे काम करा, परत जा, दुसरा येईल. ती मोडायला पहिले कारण ठरले खुद्द कारखानदार. यंत्रावर हात बसलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि नवख्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, हे त्यांना परवडेना. तुर्की करारातली दोन वर्षांची अट १९६४ मध्येच काढली गेली. दुसरे कारण १९७३ चे. तेलसंकट आल्यावर २३ नोव्हेंबरला सरकारने भरती बंद केली. माणसे कमी होतील असा हिशेब होता, पण झाले उलटे. तोवर लोक गावी जात, वर्षभराने परत येत. आता एकदा गेलो तर दार कायमचे बंद, हे कळल्यावर ते थांबले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. सीमा कडक केली की ये-जा थांबते आणि वस्ती पक्की होते, हे स्थलांतराच्या अभ्यासात अमेरिका-मेक्सिको सीमेवरही दिसून आले आहे.

१९८३ मध्ये सरकारने पैसे देऊन पाठवायचे ठरवले: बेकार कामगाराला १०,५०० मार्क, शिवाय प्रत्येक मुलामागे १,५००. काही लाख लोक गेले, बाकीचे राहिले. आपल्याकडे म्हणतात, ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.’ जर्मनीत तिसरा दिवस उजाडून पंचवीस वर्षे झाली, तरी सरकार ‘आपण स्थलांतरितांचा देश नाही’ असेच म्हणत राहिले. ज्याला पाहुणा म्हटले त्याला भाषा शिकवायची कशाला, त्याच्या मुलांसाठी शाळेत सोय करायची कशाला, असा तो विचार होता. तुर्की समाजाच्या ‘न मिसळण्या’बद्दल आज जे बोलले जाते त्यातला मोठा वाटा या काळाचा आहे, त्यांच्या धर्माचा किंवा स्वभावाचा नाही.

दुसऱ्या पिढीचे काय झाले?

इथे शाळेची रचना समजून घ्यावी लागते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचे असतानाच, पुढची वाट ठरते. गिम्नाझियूमला गेले तर विद्यापीठ. रेआलशूलला गेले तर मधली वाट. हाउप्टशूलला गेले तर लवकर कामधंदा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हा निर्णय सहावीनंतर होतो. पुष्कळ राज्यांत गेल्या काही वर्षांत हाउप्टशूल आणि रेआलशूल एकत्र केल्या आहेत.

घरी तुर्की बोलणाऱ्या, बालवाडीत न गेलेल्या मुलाला शाळेची जर्मन कळू लागेपर्यंत तिसरी संपते आणि चौथीत फैसला होतो. बुद्धी कमी नसते, वेळ कमी पडतो. २००० सालच्या ‘पिसा’ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले तेव्हा जर्मनीत आई-वडिलांची परिस्थिती आणि मुलाची प्रगती यांचे नाते फार घट्ट असल्याचे दिसले आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर बालवाडीकडे लक्ष गेले. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघर किंवा बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. कागदावर हक्क असला तरी मोठ्या शहरांत जागा मिळायला महिनोन्‌महिने लागतात. घर ठरले की त्याच आठवड्यात नाव नोंदवा. ‘आजी येणार आहे, मूल घरीच राहील’ असा विचार करणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: मराठी घरात जपा आणि जर्मनसाठी मुलाला बालवाडीत पाठवाच.

धोरण बदलले कधी?

दोन पावलांत. १ जानेवारी २००० पासून जन्माच्या आधारे नागरिकत्व मिळू लागले. आई किंवा वडील आठ वर्षे कायदेशीर राहत असतील तर जर्मनीत जन्मलेले मूल जर्मन झाले. आता ही अट पाच वर्षांची आहे. त्याआधी जन्मतः नागरिकत्व रक्ताच्या नात्यानेच मिळत असे. मग १ जानेवारी २००५ रोजी स्थलांतराचा पहिला सर्वांगीण कायदा आला आणि भाषा शिकवणे ही केंद्र सरकारची जबाबदारी झाली.

या दोन तारखांच्या मध्ये आपला संबंध येतो. ऑगस्ट २००० मध्ये संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना निघाली. सुमारे १८,००० परवाने दिले गेले आणि त्यात सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत तेव्हा ‘भारतीयांऐवजी मुले’ अशा अर्थाची घोषणा गाजली. मुख्य म्हणजे परवाना पाच वर्षांपुरताच होता. पाहुणा बोलवायचा पण घर द्यायचे नाही, हा जुनाच कित्ता पुन्हा गिरवला गेला. म्हणून अनेकांनी जर्मनीपेक्षा अमेरिका पत्करली.

इंटिग्रेशन कोर्समध्ये काय असते?

नवागतांना भाषा आणि देशाची ओळख करून देणारा हा सरकारी कोर्स. एकूण ७०० तासिका, प्रत्येक ४५ मिनिटांची. त्यातल्या ६०० भाषेच्या, शंभर-शंभरच्या सहा टप्प्यांत. उरलेल्या १०० तासिकांत इतिहास, कायदा, राज्यघटना आणि रोजचे जीवन. आठवड्याला २५ तासिका धरल्या तर २८ आठवडे लागतात. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी १,००० तासिकांचा वेगळा कोर्स असतो. कारभार ‘बाम्फ’ या स्थलांतर आणि निर्वासितांच्या केंद्रीय कार्यालयाकडे असतो, पण वर्ग मान्यताप्राप्त संस्था चालवतात. त्यांत नगरपालिकांची प्रौढशिक्षण केंद्रे मोठी आहेत. स्वतः पैसे भरणाऱ्याचा वाटा दर तासिकेला २.२९ युरो, म्हणजे ७०० तासिकांचे १,६०३ युरो. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना फीमाफीचा अर्ज करता येतो.

शेवटी दोन परीक्षा. भाषेच्या युरोपीय पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. भाषेची परीक्षा त्यांतली ए२ किंवा बी१ पातळी देते. दुसऱ्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात. १५ बरोबर आले तर कोर्स पास, १७ आले तर तोच निकाल पुढे नागरिकत्वासाठीही चालतो. १५ वर समाधान मानू नका. प्रश्न ३१० च्या जाहीर संचातूनच येतात, त्यांपैकी १० तुमच्या राज्याबद्दलचे.

कोर्स करूनही भाषा का येत नाही?

तीन ठिकाणी गाडी रुळावरून घसरते.

पहिले म्हणजे वर्गाची सरमिसळ. वकिली केलेली बाई आणि पाचवीत शाळा सोडलेला माणूस एकाच बाकावर. एकाला वर्ग रटाळ वाटतो, दुसऱ्याला झेपत नाही. प्रवेशाआधी चाचणी होते. तीत ‘बसू कुठेही’ म्हणून भागत नाही, कारण वरच्या टप्प्यात बसवले तर वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

दुसरे म्हणजे कोर्स संपल्यावरची पोकळी. बी१ झाले, पण कामासाठी बी२ हवे आणि पुढच्या वर्गाला दोन-तीन महिने थांबावे लागते. तेवढ्यात शिकलेले विसरते. कामाशी जोडलेले सरकारी भाषावर्ग २०१६ पासून आहेत. बी१ च्या परीक्षेआधीच त्यांच्यासाठी नाव घाला.

तिसरे कारण मुलांचे. दुपारी मूल बालवाडीतून आणायचे असेल तर आईचा वर्ग सुटतो. कोर्समध्ये बायकांची गळती होते ती बहुधा याच दारातून. ‘त्यांना शिकायचेच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी पाळणाघराची वेळ आणि वर्गाची वेळ शेजारी ठेवून पाहावी.

नुसते थांबून राहिल्याने खरेच एवढे नुकसान होते?

हो, आणि ते मोजलेले आहे. येन्स हाइनम्युलर आणि डोमिनिक हांगार्टनर यांच्या गटाने स्वित्झर्लंडमधल्या आश्रयार्थींचा अभ्यास केला. अर्जाचा निकाल लागायला एक वर्ष जास्त लागले की पुढे नोकरी लागण्याचे प्रमाण ४ ते ५ टक्के बिंदूंनी घटते, असे त्यात निघाले. जर्मनीतला त्यांचा दुसरा अभ्यास आणखी बोलका आहे. युगोस्लाव्हियातून १९९९ मध्ये आलेल्या आश्रयार्थींना कामाची बंदी २००० मध्ये आलेल्यांपेक्षा सरासरी सात महिने जास्त भोगावी लागली. माणसे तशीच, देश तोच, फरक फक्त सात महिन्यांचा. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातले नोकरी असणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा सुमारे २० टक्के बिंदूंनी कमी होते, आणि ती दरी भरायला दहा वर्षे लागली.

रिकाम्या हाताने बसलेला माणूस हातचे काम विसरतो, त्याच्या ओळखी तुटतात, त्याचा आत्मविश्वास जातो.

नागरिकत्वाबाबतही याच गटाचे काम आहे. स्वित्झर्लंडच्या काही गावांत २००३ पर्यंत परदेशी शेजाऱ्याला नागरिकत्व द्यायचे की नाही हे गावकरी मतदानाने ठरवत. थोडक्या मतांनी जिंकलेले आणि थोडक्या मतांनी हरलेले यांची तुलना केली. नागरिकत्व मिळालेले पुढे राजकारणात आणि समाजात जास्त मिसळलेले आढळले. म्हणजे नागरिकत्व हे नीट मिसळल्याबद्दलचे बक्षीस म्हणून शेवटी द्यायचे असेल तर द्या, पण ते आधी दिले तर मिसळणे सोपे होते.

जबाबदारी माणसावर टाकली तर? नेदरलँड्सचा अनुभव काय?

नेदरलँड्सने हा प्रयोग करून पाहिला. १९९८ च्या कायद्याने नवागतांना सक्तीचे वर्ग सुरू झाले आणि ते नगरपालिका चालवत. २०१३ मध्ये सरकारने अंग काढून घेतले. शाळा स्वतः शोधा, फी स्वतः भरा, पैसे नसतील तर १०,००० युरोपर्यंत कर्ज घ्या, तीन वर्षांत परीक्षा पास व्हा, नाहीतर दंड. बाजार आपोआप चांगल्या शाळा निवडेल अशी अपेक्षा होती. पण नुकत्याच उतरलेल्या, डच न येणाऱ्या माणसाने चांगली शाळा कशी ओळखायची? वर्गात हजेरी मांडून पैसे उकळणाऱ्या शाळा निघाल्या. आणखी एक दोष लपून राहिला: वेळेत पास व्हायचे म्हणून हुशार माणसेही सोपी ए२ परीक्षा देऊन मोकळी झाली. १ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा आला, जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे गेली आणि बी१ हे नेहमीचे लक्ष्य ठरले.

नावावरून अर्ज बाजूला टाकला जातो का?

टाकला जातो. याची पद्धतशीर तपासणी झाली आहे: सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त नाव वेगळे. लिओ कास आणि क्रिस्टियान मांगेर यांच्या प्रयोगात जर्मन नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली, लहान कंपन्यांत २४ टक्क्यांनी. डोरिस वाइक्सेलबाउमर यांच्या प्रयोगात जर्मन नावाच्या बाईला १८.८ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, तुर्की नावाच्या बाईला १३.५ टक्के, आणि तेच तुर्की नाव व फोटोत डोक्याला रुमाल असेल तर ४.२ टक्के.

कास आणि मांगेर यांच्या अभ्यासात एक कामाची गोष्ट आहे. अर्जाला आधीच्या मालकाची शिफारस जोडली होती तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला. माहिती नसते तेव्हा पूर्वग्रह ती जागा भरतो. म्हणून आधीच्या नोकरीचे, इंटर्नशिपचे ‘आर्बाइट्सत्सोइग्निस’ म्हणजे सविस्तर कामाचा दाखला मागून घ्या. मागणे हा हक्क आहे. भारतातल्या नोकरीचाही असा दाखला निघण्यापूर्वीच मिळवा. दोन ओळींचे अनुभवपत्र पुरत नाही. काय काम केले, किती माणसे हाताखाली होती, कसे केले, हे त्यात हवे. भेदभाव झाल्याची खात्री असेल तर २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानुसार दोन महिन्यांच्या आत लेखी दावा करावा लागतो. मुदत टळली की हक्क गेला.

आपली माणसे एकाच भागात राहिली तर वस्ती वेगळी पडते का?

सुरुवातीला आपल्या माणसांची वस्ती हा आधार असतो. खोली, पहिली नोकरी, डॉक्टर, सगळे ओळखीतून मिळते. एकाच गावचे लोक एकाच शहरात का सापडतात याचे उत्तर या साखळीत आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा बाहेर पडायची वाट बंद असते. पश्चिम बर्लिनने १९७५ मध्ये क्रॉइत्सबर्ग, वेडिंग आणि टियरगार्टन या भागांत परदेशी लोकांना नव्याने राहायला जाण्यास बंदी घातली. पासपोर्टवर तसा शिक्का मारला जाई. गर्दी पांगेल असे वाटले होते. पण घरमालक इतर भागांत परदेशी लोकांना घर देत नसतील, तर शिक्का मारून ते दुसरीकडे कसे मिळणार? नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, अशी कुटुंबे त्यात अडकली.

मराठी मंडळाचा गणपती, दिवाळी जरूर करा. त्याच्या जोडीला मोहल्ल्यातला एक तरी ‘फेराइन’, म्हणजे क्लब, धरा: बॅडमिंटन, समूहगान, स्वयंसेवी अग्निशमन, काहीही. जर्मन माणूस ऑफिसात मैत्री करायला वेळ घेतो. फेराइनमध्ये दर मंगळवारी तीच माणसे भेटतात आणि सहा महिन्यांत नाव घेऊन हाक मारतात.

महाराष्ट्रातून परिचारिका म्हणून जायचे आहे. वाट कशी आहे?

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांचे लक्ष्य ठेवले गेले, त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक वगैरे कामे आहेत. करार असला तरी प्रत्येकाचा अर्ज नियमानेच तपासला जातो.

परिचारिकेचे काम जर्मनीत कायद्याने नियंत्रित आहे, त्यामुळे जीएनएमची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगची पदवी तिथल्या राज्याकडून मान्य करून घ्यावी लागते. बहुतेकांना पहिल्या फेरीत ‘डेफिझिटबेशाइड’ मिळतो, म्हणजे कोणते विषय कमी पडतात हे सांगणारा निर्णय. तो नकार समजून घाबरू नका. त्यानंतर दोन पर्याय असतात: रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. पूर्ण परिचारिका म्हणून काम करायला साधारण बी२ जर्मन लागते. मान्यता येईपर्यंत पगार मदतनिसाचा असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कर्जाच्या हप्त्याचे गणित बिघडते. १ मार्च २०२४ पासून ए२ जर्मनवर आधी जाऊन, काम करत मान्यता मिळवण्याचीही सोय आहे. त्यासाठी मालकाशी तसा करार लागतो.

फसवणूक होते ती एजंटाकडे. प्रामाणिक भरतीत खर्च मालक उचलतो. करारात ‘तीन वर्षांत सोडले तर इतके हजार युरो परत’ असे कलम असेल तर सही करण्याआधी जर्मन येणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्या.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ कुठे होतो?

नावात. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर मधले नाव म्हणून नवऱ्याचे नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर आणखी चौथे. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने या चार वेगळ्या बायका. लग्नानंतर बदललेले नाव आणि आधीचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे दाखवणारा राजपत्रातला उतारा किंवा प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून, मान्यताप्राप्त अनुवादासह जवळ ठेवा.

दुसरा घोळ अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याचा. त्याच्या करारातल्या भारताच्या सहभागावर जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे आपल्या जन्म-लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल मारून घेतले तरी जर्मन नोंदणी कार्यालयाला ते पुरत नाही. ते दूतावासामार्फत पडताळणी मागू शकतात आणि त्यात महिने जातात. म्हणून पैसे घालण्याआधी ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यालाच विचारा.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते, नुसता भाडेकरार चालत नाही. भारतीय वाहन परवाना सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवाळीसाठी सुट्टी लागण्याआधीच घेऊन निघालात तर दंड होतो. राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली आणि भेटीची तारीख मिळत नसेल तर मुदत संपण्याआधी लेखी अर्ज करा, त्याची पोच जपून ठेवा आणि ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ हे तात्पुरते पत्र मागा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण सहजासहजी मिळत नाही.

जोडीदाराचे काय?

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा राहण्याचा परवाना. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ जर्मनची अट नाही, आणि कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला कोणतेही काम करण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून असतो. सवलत म्हणून भाषा न शिकता गेलेली बायको मात्र सर्वांत जास्त अडकते. नवऱ्याचे ऑफिस इंग्रजीत चालते, तिचा दवाखाना, शाळा आणि शेजार जर्मनमध्ये. पुण्यात दहा वर्षे शिकवलेली बाई तिथे तीन वर्षे घरी बसते, आणि नोकरीतला हा खंड नंतर भरून निघत नाही. अट नसली तरी ए२ करूनच निघा.

नागरिकत्व घ्यावे का? गावच्या जमिनीचे काय होईल?

२७ जून २०२४ पासून जर्मन नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षे पुरतात आणि जर्मनी जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही. बी१ जर्मन, ३३ पैकी १७ प्रश्न आणि स्वतःच्या कमाईवर जगणे या मुख्य अटी. शुल्क २५५ युरो. विशेष कामगिरीवर तीन वर्षांत मिळणारी वाट २०२५ मध्ये बंद झाली. २०२४ च्या कायद्यातच ३० जून १९७४ पर्यंत आलेल्या पाहुणे कामगारांना लेखी परीक्षा माफ केली, रोजचे बोलता आले की पुरे. जी भाषा त्यांना कोणी शिकवलीच नाही तिची परीक्षा घेणे अन्याय आहे हे मान्य करायला पन्नास वर्षे लागली, पण मान्य केले.

अडचण आपल्या बाजूला आहे. भारतीय कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप जाते. पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांसाठीचे कार्ड, काढता येते. ओसीआयवर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येणारी जमीन मात्र येते. म्हणजे वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव लागू शकते, पण शेजारचा तुकडा विकत घ्यायचा मनात असेल तर तो व्यवहार आधी करा. केवळ कायम राहायचे असेल तर नागरिकत्वाची गरज नाही: ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिन्यांत, ए१ वर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो.

आई-वडिलांना कायमचे नेता येते का?

१ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा किंवा ब्लू कार्डसारखा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. जोडीदारही जर्मनीत कायम राहणार असेल तर सासू-सासऱ्यांसाठीही. त्याआधी परवाना मिळालेल्यांना ही सोय नाही. घर पुरेसे मोठे हवे आणि त्यांचा सगळा खर्च तुम्ही उचलू शकता हे दाखवावे लागते. अडते ते आरोग्यविम्यावर. सार्वजनिक विम्याच्या कौटुंबिक सोयीत नवरा-बायको आणि मुले येतात, आई-वडील येत नाहीत, आणि साठी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला पूर्ण संरक्षण देणारा खासगी विमा मिळणे फार कठीण आणि महाग. म्हणून व्हिसाची भेट ठरवण्याआधी विमा कंपनीचे लेखी उत्तर हातात घ्या, आणि आई-वडिलांचे पुण्यातले किंवा कोल्हापुरातले वैद्यकीय कागद आत्ताच इंग्रजी किंवा जर्मनमध्ये करून ठेवा.